घटक ६ : साने गुरुजी – ऐकवण्यासाठी लिहिलेले मराठी

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• पांडुरंग सदाशिव साने यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• 'श्यामची आई' या पुस्तकाची रचना आणि मौखिक कथन यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• प्रकटवाचन, मूकवाचन आणि सहवाचन या संकल्पनांतील भेद सांगता येईल.
• प्राथमिक शाळेतील मुलासोबत एखादे पुस्तक घरी किंवा ग्रंथालयात वाचताना वाङ्मयाच्या अभ्यासाचा उपयोग करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांची लक्षणे पाहिली. या घटकात आपण एका लेखकाचे चरित्र एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. तो प्रश्न असा : साने गुरुजींचे मराठी मोठ्याने वाचले असता जितके जिवंत वाटते, तितके मनातल्या मनात वाचताना का वाटत नाही?

मुक्त विद्यापीठाचे अनेक विद्यार्थी दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम करून रात्री अभ्यासाला बसतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या शेजारी दुसरी-तिसरीतले मूल आपली वही घेऊन बसलेले असते. आपला अभ्यास आणि मुलाचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण समजतो. या घटकापुरती ती समजूत बाजूला ठेवावी. प्रस्तुत लेखकाचे पुस्तक एका वेळी दोघांनी वाचावे असेच रचलेले आहे. ते तसे का रचले गेले, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात सापडते.

प्रारंभीच एक सावधगिरीची सूचना. 'श्यामची आई' हे आत्मचरित्रात्मक कथन आहे. ते लेखकाचे दप्तरी चरित्र नव्हे. श्याम आणि पांडुरंग साने यांच्यात पुष्कळ साम्य असले, तरी श्यामच्या बाबतीत घडलेला प्रत्येक प्रसंग सान्यांच्या चरित्रात जसाच्या तसा नोंदवता येत नाही. म्हणून पुढील विवेचनात पुस्तकातील प्रसंग येईल तेथे श्यामचा आणि जीवनातील घटना येईल तेथे सान्यांचा उल्लेख केला आहे. परीक्षेतील उत्तरातही हा भेद पाळावा.

६.२ पालगड : कानांवर झालेले संस्कार

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळातील सुस्थिती वडिलांच्या काळात राहिली नाही. कर्ज वाढत गेले, घरावर जप्तीची पाळी आली आणि कुटुंब एका साध्या घरात राहू लागले. आई यशोदाबाई. तिच्या वाट्याला आलेले दारिद्र्य आणि अपमान मुलाने जवळून पाहिले. पुढे त्याच्या लेखनाचा मोठा भाग या पाहण्यातून आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या घरातील एक बाब महत्त्वाची आहे. त्या काळच्या कोकणातील सामान्य घरात छापील पुस्तके फारच थोडी असत; परंतु तोंडी वाङ्मय विपुल होते. पहाटेची भूपाळी, संध्याकाळचे परवचे आणि श्लोक, व्रतांच्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, देवळातील कीर्तन आणि पुराण यांनी मुलाचा दिवस भरलेला असे. साने यांच्या पिढीतील मुलांना अक्षरओळख होण्याच्या आधी भाषेची ही समृद्ध ओळख होत असे. वाक्य कोठे उचलावे, कोठे थांबावे, कोणता शब्द दोनदा म्हणावा याचे ज्ञान त्यांना कानांवाटे मिळत असे.

पुस्तकांच्या दुर्मिळतेचे चित्र 'श्यामची आई'मध्ये दोन ठिकाणी ठळकपणे येते. 'रामरक्षा' या प्रकरणात श्यामला स्तोत्र शिकायचे असते, पण पुस्तक जवळ नसते. मग तो दुसऱ्या मुलाकडचे पुस्तक पाहून ते उतरवून घेतो आणि पाठ करतो. 'मोठा होण्यासाठी चोरी' या प्रकरणात पुस्तकांच्या ओढीने त्याच्या हातून पैशांची चोरी घडते आणि ती आईसमोर कबूल करावी लागते. एका बाजूला पुस्तक मिळवण्यासाठी कष्टाने केलेली नक्कल आणि दुसऱ्या बाजूला त्याच भुकेपोटी घडलेला अपराध, असे हे दोन प्रसंग आहेत. गावात मुलांसाठी ग्रंथालय नसणे याचा अर्थ काय होतो, हे त्यांवरून समजते.

६.३ दापोली, औंध, पुणे

पालगडच्या मराठी शाळेनंतर पांडुरंगला इंग्रजी शिक्षणासाठी दापोलीला जावे लागले. शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपेना, म्हणून गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तेथे अर्धपोटी राहून शिकणे आणि पुढे प्लेगमुळे तेथून निघणे हे भोग त्याच्या वाट्याला आले. त्यानंतर पुण्यात नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली तो मॅट्रिक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, आई वारली. मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही.

ही न झालेली भेट चरित्रातील मध्यवर्ती घटना आहे, असे म्हणता येईल. जिचा आवाज पुन्हा ऐकू येणार नव्हता, तिचे बोलणे त्यांनी पंधरा-सोळा वर्षांनी कागदावर आणले. 'श्यामची आई'मधील आई कृतीइतकीच बोलण्यातूनही आपल्याला दिसते, याचे मूळ येथे शोधावे.

पुण्यातील न्यू पूना कॉलेजातून १९२२ साली साने यांनी बी.ए. केले. पुढील अध्ययनासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले. तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू असतानाच मुलांत राहण्याची त्यांची ओढ प्रबळ झाली आणि १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले.

६.४ अमळनेरचे छात्रालय

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी साने यांच्याकडे आली आणि त्यांचे शिक्षकपण खऱ्या अर्थाने तेथे सुरू झाले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट घालणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. मुलांना शिस्तीचे पाठ देण्याऐवजी ते काम करून दाखवीत. 'गुरुजी' हे नाव तेथूनच त्यांना कायमचे चिकटले.

छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. ते रोज हाताने लिहून काढले जाई आणि मुले ते वाचत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. या उपक्रमांकडे भाषेच्या दृष्टीने पाहावे. हस्तलिखित दैनिकाचा वाचक लेखकाच्या डोळ्यांसमोर बसलेला असतो. कोणता शब्द त्याला अडला, कोणत्या ओळीवर तो हसला, कोठे कंटाळून त्याने पान उलटले, हे लेखकाला त्याच दिवशी कळते आणि दुसऱ्या दिवशीच्या लेखनात त्याची दुरुस्ती होते. वाचकाच्या इतक्या जवळ राहून लिहिण्याची संधी मराठीतील फार थोड्या लेखकांना मिळाली आहे.

आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा. गुरुजी कोकणातले होते आणि त्यांचे विद्यार्थी खानदेशातले. कोकणातील माडांची वाडी, समुद्र, पावसाळ्यातील व्हाळ, पानांच्या पत्रावळी हे जग त्यांतील अनेकांनी पाहिलेले नसणार. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला कोकणी वळणाचे शब्द नवखेच वाटणार. अशा श्रोत्यांना आपले बालपण सांगायचे, तर शब्दाबरोबर वस्तूही उभी करावी लागते. 'श्यामची आई'मध्ये एखादी घरगुती रीत आली की निवेदक क्षणभर थांबून ती समजावून देतो. ही सवय परक्या मुलुखातील मुलांशी बोलताना लागली असावी, असे मानण्यास जागा आहे.

६.५ तुरुंग : बोललेले कागदावर

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात गुरुजींनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. त्यानंतर धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास घडले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतील कैद्यांचा सहवास लाभला. आपल्याच देशातील शेजारच्या भाषा आपल्याला येत नाहीत, याची खंत तेथे तीव्र झाली आणि त्यांनी तमिळ भाषेचा अभ्यास केला. पुढील 'आंतरभारती'च्या कल्पनेचे बीज या अनुभवात आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि गुरुजी एकत्र होते. त्या वर्षी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी भगवद्गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यामुळे आपल्याला मिळाला. बोलणाऱ्याचा सूर न गमावता त्याचे वाक्य कागदावर बसवणे हे अवघड कौशल्य आहे. तोंडी वाक्यात अर्धवटपणा असतो, पुनरुक्ती असते, श्रोत्याला उद्देशून मधेच मारलेली हाक असते. हे सारे गाळले तर भाषा कोरडी होते आणि सारे ठेवले तर वाचवत नाही. गुरुजींनी अठरा आठवडे हा तोल सांभाळला.

पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला. या वेगाचे अनेकांना आश्चर्य वाटते. आपण आतापर्यंत पाहिलेले टप्पे एकत्र ठेवले, तर ते थोडे कमी होईल. मजकूर मनात अनेक वर्षे सांगितला जात होता आणि सांगितलेले लिहिण्याचा हात धुळ्यात तयार झाला होता.

६.६ 'श्यामची आई'ची रचना

या पुस्तकातील प्रकरणांना लेखकाने 'रात्र' म्हटले आहे. छापील पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील सायंप्रार्थना संपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. हळूहळू गावातील माणसेही ऐकायला येऊ लागतात. म्हणजे पुस्तकात कथेइतकेच स्थान ती ऐकणाऱ्या मंडळीला आहे. श्रोते कथा सुरू करण्याचा आग्रह धरतात, मधे विचारतात, शेवटी गप्प होतात. कथा संपली की रात्र संपते.

या रचनेचे तीन परिणाम भाषेवर झालेले दिसतात.

पहिला, वाक्याची लांबी. बहुतेक वाक्ये एका श्वासात म्हणता येतील एवढीच आहेत. जेथे वाक्य लांबते, तेथे ते समान रचनेच्या लहान तुकड्यांनी लांबते. त्यामुळे ऐकणाऱ्याला सुरुवात विसरण्याची भीती नसते.

दुसरा, पुनरुक्ती. लिखित गद्यात आपण तीच कल्पना पुन्हा आली की दोष मानतो. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, म्हणून कथनात पुनरुक्ती आवश्यक ठरते. गुरुजींच्या लेखनावर पाल्हाळाचा आक्षेप घेताना ते कशासाठी लिहिले गेले, याचा विचार करावा.

तिसरा, प्रकरणाची मर्यादा. एक रात्र साधारणपणे एका बैठकीत वाचून होते. 'मुकी फुले', 'पत्रावळ', 'श्यामचे पोहणे', 'अळणी भाजी' यांपैकी कोणतेही प्रकरण स्वतंत्रपणे घेता येते. झोपण्यापूर्वीच्या वेळेत मावेल, असे हे माप आहे.

येथे तीन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. 'प्रकटवाचन' म्हणजे मोठ्याने केलेले वाचन. 'मूकवाचन' म्हणजे मनातल्या मनात केलेले वाचन. 'सहवाचन' म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकच मजकूर एकत्र अनुभवणे. त्यात एक जण वाचतो, दुसरा ऐकतो, दोघे थांबतात, बोलतात आणि पुन्हा मजकुराकडे येतात. वर्गात मुलाला उभे करून धडा वाचून घेणे हे प्रकटवाचन आहे, पण सहवाचन नव्हे. कारण तेथे मुलाचे लक्ष अर्थावर नसते, चुकीच्या भीतीवर असते.

सात-आठ वर्षांच्या मुलाला बोलीचे व्याकरण जवळजवळ पूर्ण अवगत असते. कानांनी ते जितके समजून घेते, तितके त्याला अजून डोळ्यांनी वाचता येत नाही. 'दारिद्र्य' किंवा 'निरवानिरव' असा शब्द अक्षरे जुळवीत वाचताना त्याचा इतका वेळ जातो की वाक्याचा आरंभ हरवतो. मूल स्वतः वाचू लागले की घरातील मोठी माणसे त्याला वाचून दाखवणे थांबवतात, आणि ते नेमके चुकीच्या वेळी थांबवतात. अक्षरे येऊ लागलेली असतात. पण पुस्तकी मराठी, म्हणजे धातुसाधितांची लांब वाक्ये, बोलीत न येणारी क्रियापदे आणि प्रमाणभाषेतील संयोजके, अजून कानांवर पडलेली नसतात. ज्या घरी वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा गोंडी बोलली जाते, तेथील मुलासाठी हे अंतर आणखी मोठे असते. जवळच्या माणसाच्या आवाजात ते अंतर सहज ओलांडले जाते.

६.७ एक अडचणीचा प्रश्न

अभ्यासपुस्तिकेत लेखकाने स्वतःचा अनुभव सांगू नये, असा संकेत आहे. येथे तो थोडा मोडतो, कारण पुढील मुद्दा मला ग्रंथांतून कळला नाही.

माझी मुलगी तिसरीत असताना आम्ही रोज एक रात्र वाचत होतो. 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण आले. त्यात एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते आणि तिला कोणी हात लावत नाही. आई श्यामला ती मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला सांगते आणि नंतर घरी येऊन आंघोळ करायला सांगते. मी ते प्रकरण आईच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून वर्गात अनेकदा शिकवले होते. मुलीने विचारले की मदत करणे चांगले होते, तर आंघोळ कशासाठी करायची. माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते. उशीर झाला असे सांगून मी पुस्तक मिटले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, याचे कारण मुलीचा प्रश्न जितका होता, तितके माझे पुस्तक मिटणे हेही होते. भाषाशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाने एका वाक्याला भिऊन दिवा घालवला होता. दुसऱ्या दिवशी मी तेच पान उघडले. त्या काळी माणसांनी माणसांना अस्पृश्य मानले होते. ते अन्यायाचे होते. ही आई त्या चालीरीतींच्या आत वाढलेली होती आणि तिच्यातून एक पाऊल बाहेर टाकण्याइतके धैर्य तिने दाखवले. पण एकच पाऊल – एवढे मी सांगितले. मग मुलीने दुसरा प्रश्न विचारला : पुढचे पाऊल कोणी टाकले? या प्रश्नाचे उत्तर मात्र मला ठाऊक होते, आणि ते साने गुरुजींच्या चरित्रातच होते.

१९४७ साली, स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांवर असताना, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावले. आधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि मग मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते उपोषण सुटले. आई जेथे थांबली होती, तेथून पुढे मुलगा गेला होता. आईवरील अपार भक्ती आणि आईच्या मर्यादेपलीकडे जाणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे या चरित्रातून दिसते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? जुन्या पुस्तकातील खटकणारे पान मुलापासून लपवू नये आणि त्याचे समर्थनही करू नये. सहवाचनाचा खरा उपयोग अशाच पानावर असतो. एकट्या मुलाने ते पान वाचले, तर एक तर ते रीत म्हणून स्वीकारील किंवा न कळता पुढे जाईल. शेजारी मोठे माणूस असेल, तर प्रश्न विचारला जाईल. उत्तर लगेच देता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर परत यावे. पुस्तक मिटून विषय संपवू नये.

गुरुजींच्या लेखनावर अतिभावुकतेचा, अश्रूंच्या अतिरेकाचा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु मुलांसोबत वाचताना असे अनुभवास येते की रडू बहुधा मोठ्या वाचकाला येते आणि मूल त्याच्याकडे कुतूहलाने पाहत असते. मोठ्या माणसालाही वाईट वाटते, आणि ते एखाद्या वाक्यामुळे वाटू शकते, हे मुलाला तेव्हा प्रथम दिसते.

६.८ अखेरची वर्षे

गुरुजींनी विपुल लेखन केले. 'धडपडणारी मुले', 'भारतीय संस्कृती', 'पत्री' ही त्यांची प्रसिद्ध पुस्तके. 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी परदेशी कादंबऱ्यांची कथानके मराठी मुलांना समजतील अशी सांगितली. 'सुंदर पत्रे' ही पुतणीला लिहिलेली पत्रे आहेत. समोर नसलेल्या मुलीशीही ते कागदावर बोलतच राहिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, हा तिचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या वातावरणाने त्यांचे मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हातांनी आपल्या जीवनाचा शेवट केला. वय अवघे पन्नास वर्षांचे. या घटनेला आपण उदात्ततेचे आवरण घालू नये. ज्याने असंख्य मुलांना धीर दिला, त्याला स्वतःचे दुःख वाटून घेणारा श्रोता वेळेवर लाभला नाही, एवढेच दुःखाने नोंदवावे.

त्यांच्या मागे त्यांचे काम वाचनापेक्षाही कथनाच्या रूपाने चालू राहिले. प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला उभी राहिली आणि गावोगावच्या शाळांत मुलांना गोष्टी सांगण्याचा उपक्रम सुरू झाला. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई'वर चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. मूळ पुस्तक मात्र आजही घराघरांत आहे, आणि पुष्कळदा ते कपाटात आहे.

६.९ घरी आणि ग्रंथालयात

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. श्यामच्या काळी जे नव्हते, ते आज अनेक गावांत आहे. परंतु मी पाहिलेल्या एका ग्रंथालयात मुलांची पुस्तके पुठ्ठे घालून, काचेच्या कपाटात, कुलपात ठेवलेली होती. मुले काचेतून नावे वाचत आणि निघून जात. एक आजोबा नातवाला घेऊन दर शनिवारी येऊ लागले आणि किल्ली मागू लागले, तेव्हा त्या कपाटाचे कुलूप निघाले. पुस्तके मिळवून देणे ग्रंथालयाचे काम खरे. पण ती उघडून घेणे हे वाचकाचे काम आहे, आणि लहान मुलासाठी ते मोठ्या माणसाने करावे लागते.

सहवाचन करताना पुढील गोष्टी उपयोगी पडतात :

१. मुलाच्या शेजारी बसावे, समोर बसू नये. म्हणजे दोघांचे डोळे एकाच पानावर राहतात.
२. एका बैठकीत एकच प्रकरण घ्यावे. मुलाने आग्रह धरला तरच पुढचे वाचावे.
३. प्रत्येक कठीण शब्दाला अडू नये. संदर्भातून अर्थ लागत असेल तर पुढे जावे. न लागेल तेथे वस्तू दाखवावी किंवा चित्र काढावे. पत्रावळ माहीत नसेल, तर दोन पाने काडीने जोडून पाहावीत.
४. मुलाला वाचावेसे वाटले, तर त्याने एक परिच्छेद वाचावा आणि आपण एक. अडखळल्यास शब्द सांगावा, चूक मोजू नये.
५. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. थोडा वेळ गप्प बसावे. प्रश्न असेल तर मूलच विचारील.
६. महिन्यातून दोनदा तरी ग्रंथालयात जावे आणि पुस्तकाची निवड मुलाला करू द्यावी. त्याने निवडलेले पुस्तक आपल्याला सामान्य वाटले, तरी तेच घरी आणावे.

ज्यांना स्वतःला अस्खलित वाचता येत नाही, अशा पालकांनीही संकोच करू नये. मूल वाचते आणि आई ऐकते, हेही सहवाचनच आहे. ऐकणारी व्यक्ती कथा पूर्ण करते, हे 'श्यामची आई'च्या रचनेतच आपण पाहिले.

६.१० सारांश

पालगडच्या घरात कानांवर पडलेले मराठी, अमळनेरच्या छात्रालयातील समोर बसलेला वाचक, धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांचे लेखन आणि आईची न झालेली शेवटची भेट, या चार गोष्टींतून साने गुरुजींची गद्यशैली घडली. 'श्यामची आई'ची रात्रींत विभागलेली रचना, छोटी वाक्ये आणि पुनरुक्ती ही मौखिक कथनाची लक्षणे आहेत. म्हणून हे पुस्तक सहवाचनात सर्वाधिक उलगडते. सहवाचनात जुन्या पुस्तकातील मर्यादाही समोर येतात आणि त्यांविषयी मुलाशी प्रामाणिकपणे बोलण्याची संधी मिळते.

६.११ स्वाध्याय

अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. चरित्रातील पांडुरंग साने आणि कथनातील श्याम यांत भेद करणे का आवश्यक आहे?
२. हस्तलिखित दैनिकाचा लेखकाच्या भाषेवर कोणता परिणाम होऊ शकतो?

आ) सविस्तर उत्तर लिहा.
'श्यामची आई' या पुस्तकाच्या रचनेतील मौखिकतेची लक्षणे सोदाहरण स्पष्ट करा.

इ) उपक्रम.
सहा ते अकरा वर्षे वयाच्या एखाद्या मुलासोबत 'श्यामची आई'मधील कोणतेही एक प्रकरण मोठ्याने वाचा. मूल घरातले असेल तर घरी. नसेल तर शेजारचे किंवा ग्रंथालयात येणारे चालेल. मुलाने विचारलेले प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत नोंदवा. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला त्या दिवशी देता आले नाही, त्याच्यापुढे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी काय सांगितले, ते लिहा. संपर्कसत्रात चर्चेसाठी ती नोंद सोबत आणावी.